कुंडल रोडचं बत्तीस एकर माळरान

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर गेले. वय सत्त्याऐंशी. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, भाषावार प्रांतरचना अमलात आली. ज्या बेळगाव जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला, जिथं किर्लोस्कर बंधूंनी पहिलं दुकान मांडलं आणि पहिली भट्टी पेटवली, तो जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी हैदराबाद राज्य मोडलं आणि आमचे बीदर-गुलबर्गाही म्हैसुरात आले. आयुष्यभर ज्या मुलखात माणूस ये-जा करत राहिला, त्याच्या मधोमध राज्याची सीमा पडली आणि ती पाहायला तो राहिला नाही.

आमच्याच भागातलं, हुमनाबाद-चिटगुप्प्याकडचं निर्णा हे गाव दोन जिल्ह्यांच्या सांध्यावर आहे. इकडे बीदर, पलीकडे कलबुर्गी, म्हणजे पूर्वीचं गुलबर्गा. घरात मराठी, बाजारात कन्नड, कोर्टकचेरीच्या जुन्या कागदांत उर्दू, असा हा मुलूख. इथल्या जुन्या शेतकऱ्याला किर्लोस्कर हा शब्द माहीत आहे तो विहिरीवरच्या इंजिनामुळं. कुणाच्या विहिरीवर ‘किर्लोस्कर बसलं’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नसे. पण त्या नावामागं एक माणूस होता, तो आपल्यासारखाच सीमेवरचा होता, कन्नड मुलखातल्या मराठी घरात वाढला होता आणि त्याला त्याच्या गावातून कारखाना उचलून जावं लागलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुण्या-मुंबईकडं त्यांची गोष्ट जिद्दी उद्योजकाची म्हणून सांगतात. ती तशी आहेच. मला मात्र ती आसऱ्याची गोष्ट वाटते. एका शहरानं ज्याला जागा दिली नाही, त्याला एका लहानशा संस्थानानं दिली, आणि त्या एका देण्यातून केवढं उभं राहिलं, याची.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ती वृत्तीचे. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच घराण्यातले आणि याच गावचे. १८८५ साली अण्णासाहेब वारले, आणि त्याच साली हा मुलगा चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. शाळेच्या पुस्तकांत त्याचं मन रमत नव्हतं. हाताला दोन गोष्टींची ओढ होती, रेघोट्यांची आणि यंत्रांची. चित्रकलेत तो रमलाही असता, पण मुंबईत कळलं की त्याला काही रंग ओळखता येत नाहीत. रंगांधळ्या माणसाला चित्रकार कोण म्हणणार? त्यानं रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकला आणि नुकत्याच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागला.

आजच्या व्हीजेटीआयची ही सुरुवातीची वर्षं. लक्ष्मणरावांकडं इंजिनियरिंगची पदवी नव्हती. शिकवून झालं की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जात, यंत्रं खोलत, जोडत, परदेशी कॅटलॉग आणि तांत्रिक मासिकं वाचत. त्यांचं सगळं शिक्षण हे असं झालं. काही वर्षांनी बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची गाडी धरली. पुढं आयुष्यात त्यांनी कुणाची नोकरी केली म्हणून नव्हे, तर इतरांना नोकऱ्या दिल्या म्हणून त्यांचं नाव झालं, त्याचं मूळ या राजीनाम्यात आहे.

बेळगावात थोरले बंधू रामचंद्रराव होते. सगळे त्यांना रामूअण्णा म्हणत. मुंबईत असतानाच लक्ष्मणराव सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत. नुसत्या विकत नसत. गिऱ्हाइकाला वेगळी फी घेऊन सायकल चालवायलाही शिकवत. १८८८ सालचं हे दुकान, नाव ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. समूहाचं वय आजही याच सालापासून मोजतात. मला या दुकानात पुढच्या सगळ्या धंद्याचं बीज दिसतं. वस्तू नवी आहे, लोकांना ती वापरता येत नाही, म्हणून विकणाऱ्यानंच शिकवायचं. नांगराच्या वेळी, पंपाच्या वेळी त्यांनी हेच केलं.

सायकलींनंतर पवनचक्क्यांची एजन्सी झाली. मग स्वतःचं काही करावं म्हणून कडबा कापायचं यंत्र घडवलं. गुराढोरांच्या मुलखात ते खपण्याजोगं होतं. आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

निर्ण्यात एका गोठ्याच्या आढ्याखाली असा एक जुना लोखंडी नांगर मी जवळून पाहिला आहे. कुठल्या कारखान्याचा ते आता वाचता येत नाही, ओतीव अक्षरं गंजानं खाल्ली आहेत. पण अंग शाबूत आहे. मधला दांडा, मागं दोन मुठी, पुढं बैलांची साखळी अडकवायचा आकडा. खाली फाळ, आणि फाळाच्या वर बाकदार वळलेला पत्रा. तो पत्रा अजून गुळगुळीत आहे. हात फिरवला की मातीनं वर्षानुवर्षं घासून घासून त्याला आणलेली झिलई बोटांना लागते. फाळाचं टोक मात्र झिजून बोथट झालंय.

नांगराचं सगळं काम त्या वळलेल्या पत्र्यात आहे. आपला लाकडी नांगर जमीन चिरतो. त्याचा लोखंडी फाळ मातीत घुसतो, दोन्ही बाजूंना ढेकळं सारतो आणि पुढं जातो. खालची माती खालीच राहते. लोखंडी नांगर माती उचलतो, त्या बाकावरून चढवतो आणि उलटी करून टाकतो. वरचं खाली, खालचं वर. कृष्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांनी शेतकऱ्याचा जीव घेतलेला असतो. त्यांची मुळं हात-दोन हात खाली असतात आणि वरवर चिरलं तर ती तुटून आणखी फुटतात. माती उलटी झाली की ती मुळं चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघडी पडतात आणि वाळून जातात. ज्यानं कुंद्याचं रान पाहिलंय त्याला यापुढं समजावून सांगायची गरज नाही.

इंग्लंडच्या रॅन्सम्स कंपनीचे असे नांगर तेव्हा बाजारात होते, पण ते साहेबी किमतीचे. लक्ष्मणरावांनी तसाच नांगर इथं ओतायचं ठरवलं. ठळकवाडीतल्या छोट्या कारखान्यात साचे तयार झाले, बीड वितळलं, नांगर उभे राहिले. आणि ते तसेच उभे राहिले. कुणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष होतं, असं शेतकऱ्यांचं ठाम मत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली.

या दोन वर्षांवर लोक हसून पुढं जातात. शेतकरी अडाणी होता, उद्योजक शहाणा होता, असा त्याचा अर्थ लावतात. मला ते पटत नाही. ज्याच्याकडं चार एकर कोरडवाहू आहे, ज्याचं एक साल हुकलं तर सावकार दारात येतो, त्यानं नव्या अवजाराला दोन वर्षं हात न लावणं यात शहाणपणच होतं. चूक झाली तर तिची किंमत त्यालाच मोजायची होती. लक्ष्मणरावांनी हे ओळखलं, आणि तिथंच ते इतरांपेक्षा वेगळे ठरले. त्यांनी शेतकऱ्याला नावं ठेवली नाहीत. नांगर विकला गेल्यावर तक्रार आली की फाळाचं टोक मऊ आहे, लवकर झिजतं. तक्रार खरी होती. त्यांनी ती ऐकून घेतली, ओतकामात सुधारणा केली, टोक कठीण केलं. म्हणजे जे गिऱ्हाईक दोन वर्षं येत नव्हतं, त्याच्याकडूनच ते नांगर करायला शिकले. या मुलखातला पहिला लोखंडी नांगर घडवण्याचं श्रेय वाटायचं झालं तर त्यातला एक वाटा झिजलेला फाळ परत घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांचा आहे.

नांगर चालू लागले, हाताला यश येतंय असं वाटू लागलं, आणि बेळगावात जागेचा प्रश्न उभा राहिला. शहर वाढत होतं. ठळकवाडीच्या बाजूला नवी वस्ती वसवायचं नगरपालिकेनं ठरवलं आणि त्यात कारखान्याची जागा गेली. कारखाना हलवणं म्हणजे दुकानाचं बिऱ्हाड हलवणं नव्हे. भट्टी, साचे, लेथ, शाफ्ट, पट्टे, तयार माल, अर्धवट माल आणि त्यावर पोट असलेली माणसं. पैसा तर बहुतेक मालातच अडकलेला. वय चाळीस. त्या वेळी लक्ष्मणरावांनी हात टेकले असते तर आज त्यांचं नाव बेळगावच्या जुन्या माणसांच्या गप्पांपुरतंच राहिलं असतं.

त्याच सुमारास औंध संस्थानच्या गादीवर भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. त्यांची लक्ष्मणरावांशी ओळख होती. औंधमधल्या एका सभामंडपाचं काम त्यांनी लक्ष्मणरावांकडं सोपवलं होतं. बाळासाहेब स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, औंधचं संग्रहालय पाहिलेला माणूस त्यांच्या कलाप्रेमाला नमस्कार करतो. रंग दिसत नाहीत म्हणून चित्रकला सोडलेल्या माणसाला एका चित्रकार राजानं हात दिला, हा योग मला फार मोलाचा वाटतो. त्यांचं संस्थान बहात्तर गावांचं, तेही एका ठिकाणी नाही, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. तिजोरी बेताची. अशा राजानं कर्जाऊ रक्कम दिली आणि सांगितलं की संस्थानातली जागा निवडा, कारखाना आणा.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा म्हणजे कुंडलजवळची बत्तीस एकर पडीक जमीन. पुणे-मिरज लोहमार्गावरचं कुंडल रोड हे आडबाजूचं स्टेशन लगत होतं. निवड त्याच एका कारणासाठी, रेल्वे. लोखंड आणि कोळसा यायला, नांगर जायला रूळ हवेत. बाकी तिथं काहीच नव्हतं. माळभर फड्या निवडुंग आणि निवडुंगात नाग. पाणी लांब. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा पहिला दिवस मानतात. बेळगावहून पंचवीसेक कामगार आपापली बायकामुलं घेऊन त्या माळावर उतरले. पुढं लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव शंतनुराव यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला ‘कॅक्टस अँड रोझेस’ नाव दिलं. सहा-सात वर्षांच्या मुलानं पाहिलेला तो निवडुंग त्यांच्या मनातून गेला नव्हता.

पहिली वर्षं कुणी कुठं झोपायचं, पाणी कुठून आणायचं, साप कसा मारायचा यांत गेली. हे सगळं रामूअण्णांच्या अंगावर. रस्ते, घरं, पाणी, स्वच्छता, बागा, वसाहतीची आखणी ही त्यांची कामं. लक्ष्मणराव यंत्रशाळेत असत, रामूअण्णा वाडीत. धाकट्याचं नाव इतिहासात गेलं, थोरल्याचं त्याच्या सावलीत राहिलं. रामूअण्णा नसते तर किर्लोस्करवाडी हा एक कारखाना झाला असता, गाव झालं नसतं, हे मी ठामपणानं म्हणेन. आणि घरातल्या बायका? लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई, रामूअण्णांचं कुटुंब, कामगारांच्या कारभारणी. बेळगावसारख्या शहरातून उठून निवडुंगाच्या माळावर चूल मांडायला ज्या तयार झाल्या, त्यांच्याविषयी उद्योगाच्या इतिहासांत दोन-चार ओळींपलीकडं मिळत नाही.

लक्ष्मणरावांची माणसं निवडायची तऱ्हा पाहण्यासारखी होती. शंभुराव जांभेकर पडेल ते काम करणारे. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहाराचे. के. के. कुलकर्णी विक्री आणि अडीअडचणी निस्तरायला. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले, पण यंत्र डोक्यात उभं करू शकणारे. पदव्यांच्या हिशेबानं यांतल्या कुणाला मोठ्या कंपनीनं दारात उभं केलं नसतं. आणि रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. इंग्रज सरकारच्या दप्तरात ज्या जातींवर गुन्हेगारीचा शिक्का होता, ज्यांच्या माणसांना गावं वेशीबाहेर ठेवत, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या किल्ल्या दिल्या. त्यांनी त्या विश्वासाला कधी तडा जाऊ दिला नाही. वाडीत शिवाशिव चालणार नाही, हा दंडक होता. १९१० च्या दक्षिण महाराष्ट्रात हे करणं कारखाना काढण्याइतकंच अवघड होतं. जमशेदपूरची वसाहत नुकतीच उभी राहत होती, त्या काळात सातारा-सांगलीच्या माळावर शाळा, वाचनालय, नाटकं आणि घरापुढं बागा असलेलं कामगारांचं गाव आकाराला आलं.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बाहेरून येणारं लोखंड, कोळसा, रंग सगळं आटलं. नांगराला मागणी वाढलेली आणि ओतायला बीड नाही. इथं कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. पन्हाळगडावर जुन्या तोफा पडून होत्या. त्या महाराजांनी किर्लोस्करांना दिल्या. गडावरच्या तोफा किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या तोफांची हळहळ वाटेल, मलाही थोडी वाटते. पण ज्या राजानं आपल्या रयतेच्या शेतीचा इतका विचार केला, त्यानं ते समजूनच केलं होतं. औंधनंतर कोल्हापूर. लक्ष्मणरावांच्या आयुष्यात प्रत्येक अडचणीच्या वळणावर कुणीतरी भरवसा टाकलेला दिसतो, आणि त्या भरवशाच्या बदल्यात त्यांनी काम दिलेलं दिसतं.

युद्धानंतर धंदा इतका वाढला की घरगुती भांडवल पुरेना. १५ जानेवारी १९२० रोजी ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदवली गेली. त्याच साली वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं नियतकालिक निघू लागलं. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, सोलापूरच्या डॉक्टर वासुदेवरावांचे चिरंजीव, ज्यांना वाचक ‘शंवाकि’ म्हणून ओळखत. सुरुवातीला ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारं पत्रक होतं. पुढं त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० ला ‘स्त्री’ निघालं आणि १९३४ ला ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्यातून मराठीतली तीन मोठी मासिकं निघाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये छापले जात. सनातन्यांचा रोष पत्करून ते छापायला जे धैर्य लागतं, ते शंकररावांना चुलत्यांच्या घरातूनच मिळालं होतं. स्वतः लक्ष्मणराव कर्मकांड मानत नसत.

कारखान्याचा पसारा इथं भराभर सांगतो, कारण त्याची यादी कुठंही मिळेल. नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप, १९२६ पासून सेंट्रिफ्यूगल पंप, लोखंडी फर्निचर. थोरले चिरंजीव शंतनुराव १९२२ ला अमेरिकेत एमआयटीला गेले आणि १९२६ ला मेकॅनिकल इंजिनियर होऊन परतले. स्वतः पदवी नसलेल्या बापानं मुलाला जगातल्या उत्तम शाळेत धाडलं आणि तो आल्यावर त्याला काम करू दिलं. हे दुसरं अधिक कठीण. आपल्या भागात किती तरी चालते धंदे मी मोडलेले पाहिले आहेत ते एवढ्यासाठी की म्हाताऱ्यानं गल्ल्याची किल्ली शेवटच्या श्वासापर्यंत करगोट्याला बांधून ठेवली. लक्ष्मणरावांनी कारभार वेळेवर सोडला. म्हणून १९४१ ला तुंगभद्रेकाठी हरिहरला लेथ बनवणारी ‘म्हैसूर किर्लोस्कर’ उभी राहिली, १९४६ ला पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना आणि बंगळूरला इलेक्ट्रिक मोटारींचा. बेळगावातून उठलेला धंदा तीस वर्षांनी पुन्हा कन्नड मुलखात आला, तोही म्हैसूर संस्थानच्या पाठबळावर.

मग १९४८. गांधीजींच्या खुनानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीवरही गेला. कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या वाडीनं शिवाशिव मोडली, तिच्या नशिबी हे यावं, याचं दुःख आजही शमत नाही. लक्ष्मणरावांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं. सदतीस-अडतीस वर्षं खपून उभं केलेलं जळालं. कारखाना पुन्हा चालू झाला, वाडी पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झालं, आणि १९५१ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधी वारले. लक्ष्मणरावांना आसरा देणारं राज्यही गेलं, राजाही गेला. पाच वर्षांनी लक्ष्मणराव.

त्यांच्या मृत्यूनं एकही भट्टी थंडावली नाही, एकही कारखाना बंद पडला नाही. संस्थापकाची खरी कसोटी मी त्याच्या मृत्यूनंतरच्या दुसऱ्या दिवशी लावतो. दुसऱ्या दिवशी कामगार नेहमीच्या वेळी फाटकात आले आणि त्यांना काम होतं, तर माणूस पास झाला. लक्ष्मणराव पास झाले. १९६९ च्या जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव किर्लोस्करवाडी झालं. तिथं आजही पंप बनतात. हरिहरचा कारखाना मात्र पुढं बंद पडला.

बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. शहरानं नाव ठेवलं, एवढं समाधान. पण सीमेच्या दोन्ही बाजूंना या माणसाचा हक्क कुणी नीट सांगितला नाही. महाराष्ट्रात ते पुण्याच्या उद्योगघराण्याचे मूळपुरुष झाले. कर्नाटकात ते बाहेरच्या कंपनीचे मालक झाले. ज्या मातीत कन्नड बोलणारा शेतकरी आणि मराठी बोलणारा कारागीर एकाच फाळाची तक्रार करत होते, ती माती दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांतून निसटली. आम्ही सीमाभागातली माणसं साठ-सत्तर वर्षं सीमेचंच बोलत आलो. ते बोलणं मला नाकारायचं नाही. भाषेची आच मलाही आहे. पण या सगळ्यात आपल्या मुलखानं कुणाला घडवलं आणि कुणाला जाऊ दिलं, याचा हिशेब मांडायचा राहून गेला.

आणि जाऊ देणं अजून थांबलेलं नाही. बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात ट्रॅक्टरची अवजारं जोडणारी, जुनी यंत्रं दुरुस्त करता करता नवी करून पाहणारी पोरं आहेत. वेल्डिंगच्या शेडमध्ये बसून तुरीच्या पेरणीसाठी, उसाच्या लागणीसाठी ती काही ना काही जुगाड करत असतात. ती शेडही बहुधा भाड्याची असते, रस्ता रुंदीकरण आलं की पहिली तीच जाते. मग पोरगा पुण्याला नाहीतर हैदराबादला जातो आणि दुसऱ्याच्या कारखान्यात लेथवर उभा राहतो. त्याला कुणी कुंडल रोडचं माळरान देत नाही. औंधचं संस्थान तरी कुठं श्रीमंत होतं? त्यांनी पडीक जमीन दिली, थोडं कर्ज दिलं आणि भरवसा ठेवला. एवढं करणं आजच्या एखाद्या ग्रामपंचायतीला, सोसायटीला, साखर कारखान्याला, चार सधन शेतकऱ्यांना अशक्य नाही.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या करतो. तुमच्या गावात ज्यानं पहिली पिठाची गिरणी टाकली, पहिला तेलघाणा, पहिलं वर्कशॉप, पहिला छापखाना, त्याची माहिती ज्यांना आहे ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्याकडं जा आणि लिहून घ्या, कन्नडमध्ये असो की मराठीत: साल कोणतं, पैसा कुणी दिला, जागा कुणाची, पहिल्या वर्षी काय बिघडलं. आणि तुमच्या गावात आज ज्याच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत ठिणग्या उडतात, त्याला जागेची अडचण असेल तर गावाची पडीक जमीन कुणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडं जाऊन एकदा पाहा.